अनोळखी फाइल आली आणि उघडतच नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"ही फाइल कशात उघडते?" हा प्रश्न इतक्या वेगवेगळ्या रूपात येतो की शेवटी सगळं एकाच ठिकाणी लिहून ठेवलं. वरून खाली वाचायची गरज नाही, तुमचा प्रश्न शोधा. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिला असेल तर तिकडे जा.

१. फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन जी तीन-चार अक्षरं असतात ती काय भानगड आहे?

त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. तो फाइलच्या नावाचाच एक भाग आहे, बाकी काही नाही. पीडीएफ, जेपीजी, डीओसीएक्स वगैरे. विंडोज ती अक्षरं बघतं, आपल्या यादीत शोधतं की या अक्षरांना कुठला प्रोग्राम लावलाय आणि डबल क्लिक केलं की तो प्रोग्राम चालू करतं. यादीत काहीच सापडलं नाही की विचारतं, "कशात उघडू?" म्हणजे तो मेसेज आला याचा अर्थ फाइल बिघडली असा नाही, तुमच्या कॉम्प्युटरची आणि त्या अक्षरांची ओळख नाही एवढंच. आणि एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की करा कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावरच आहेत: ती अक्षरं कोणीही, कधीही, हवी तशी बदलू शकतं. आत खरंच काय आहे याची ती गॅरंटी नाही.

२. मला तर एक्स्टेन्शन दिसतच नाही, नुसतं नाव आणि पांढरा कोरा आयकॉन. मग?

बहुतेक वेळा ते असतं पण लपवलेलं असतं, कारण ओळखीची एक्स्टेन्शन लपवायची अशी विंडोजची मुळातलीच सेटिंग आहे (का ठेवलीये देव जाणे, फसवणाऱ्यांची सोय होते, प्रश्न १५ बघा). विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडा, वर व्ह्यू, त्यात शो, त्यात फाइल नेम एक्स्टेन्शन्स. विंडोज १० मध्ये व्ह्यू टॅबवरच त्याची टिक आहे. मॅकवर फाइंडरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड मध्ये सगळी एक्स्टेन्शन दाखवा असा पर्याय मिळेल. एकदा चालू केलं की परत बंद करू नका.

हे करूनही काहीच दिसलं नाही तर फाइलला खरंच एक्स्टेन्शन नाहीये. मग प्रश्न ५ ची युक्ती वापरा.

३. एक्स्टेन्शन दिसलं पण आयुष्यात कधी ऐकलं नाही असं आहे. सगळ्यात आधी काय करू?

शोधाशोध करायच्या आधी स्वतःला विचारा, ही फाइल आली कुठून? नव्वद टक्के उत्तर तिथेच असतं. ऑफिसच्या मेलला जोडून आली, कॅमेऱ्याच्या कार्डात होती, डिझाइन करणाऱ्याने पाठवली, लॅबच्या मशीनमधून निघाली, जुन्या सीडीत सापडली, यातलं काय ते कळलं की शक्यता चार-पाचवर येतात. पाठवणारा माणूस माहीत असेल तर सरळ त्यालाच विचारा की "तुम्ही हे कशात बनवलंय आणि पीडीएफ करून पाठवाल का?" लोकांना हे विचारायला का लाज वाटते कळत नाही, अर्धा तास डोकं खाण्यापेक्षा एक मेसेज स्वस्त पडतो. पाठवणाऱ्यालाही बहुतेक वेळा पत्ता नसतो की समोरच्याकडे ते सॉफ्टवेअर नाही.

मग साइज बघा. शून्य केबी असेल तर आत काहीच नाही, कुठल्याही प्रोग्रामने काही निघणार नाही, परत मागवा. दोन-चार केबी असेल तर बहुधा साधा मजकूर, सेटिंग किंवा शॉर्टकट. काही जीबी असेल तर व्हिडिओ, बॅकअप किंवा डिस्कची इमेज.

४. गूगल केलं तर "ही फाइल उघडायला आमचं सॉफ्टवेअर डाउनलोड करा" अशा ढीगभर साइट येतात. घेऊ का?

नको. कुठलंही एक्स्टेन्शन टाकून शोधा, अगदी मनाने बनवलेलं, तरी "तुमची फाइल उघडा" म्हणणारी एखादी साइट येतेच आणि आत तेच ते रजिस्ट्री क्लीनर नाहीतर जाहिरातींनी भरलेलं "युनिव्हर्सल ओपनर" असतं. सगळ्या प्रकारच्या फाइली खऱ्या अर्थाने उघडणारा एकच प्रोग्राम जगात नाही. शोधायचं असेल तर "अमुक एक्स्टेन्शन कुठल्या प्रोग्रामचं" हे शोधा आणि प्रोग्रामचं नाव कळलं की तो ज्याने बनवलाय त्याच्याच साइटवरून घ्या. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजची प्रोनॉम नावाची फाइल-प्रकारांची नोंदवही आहे, फुकट आणि जाहिरातीशिवाय. जुनी कागदपत्रं सांभाळणारे लोक तीच वापरतात.

५. नोटपॅडमध्ये उघडून बघितलं तर सगळी चौकोनं आणि विचित्र अक्षरं. म्हणजे फाइल करप्ट आहे ना?

नाही हो! फोटो, व्हिडिओ, झिप हे काहीही नोटपॅडमध्ये असंच दिसणार, कारण ते मजकूर नाहीच. पण नोटपॅडमध्ये उघडणं वाया जात नाही, फक्त खालचा कचरा सोडा आणि पहिली ओळ बघा. बऱ्याच प्रकारच्या फाइली सुरुवातीलाच आपली ओळख सांगतात. रोमन अक्षरात टक्क्याचं चिन्ह आणि लगेच पीडीएफ दिसलं तर ती पीडीएफ, नाव काहीही असो. पहिली दोन अक्षरं पीके असतील तर ती झिप किंवा झिपच्या जातीची (पीके म्हणजे फिल कॅट्झ, १९८९ मध्ये ज्याने झिप आणलं त्याची आद्याक्षरं, आजही प्रत्येक झिपच्या डोक्यावर आहेत). एमझेड असेल तर विंडोजचा चालणारा प्रोग्राम, तिथे सावध व्हा, हे मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्कीच्या नावावरून आलंय. एक विचित्र अक्षर आणि मग पीएनजी, म्हणजे पीएनजी चित्र. जीआयएफ८९ए म्हणजे जीआयएफ. पहिल्या काही अक्षरांत जेएफआयएफ किंवा एक्झिफ दिसलं तर जेपीजी फोटो. चार अक्षरं सोडून एफटीवायपी दिसलं तर एमपी४ च्या कुटुंबातलं काहीतरी. "एसक्यूलाइट फॉरमॅट ३" असं सरळ लिहिलेलं असेल तर तो कुठल्यातरी अ‍ॅपचा डेटाबेस.

दोन गोष्टी मात्र पाळा. मूळ फाइलची कॉपी करून कॉपीच उघडा आणि नोटपॅडमधून चुकूनही सेव्ह करू नका, सेव्ह केलं की मग ती खरंच करप्ट होते. शिवाय फाइल मोठी असेल तर नोटपॅड अडकून बसतं, तेव्हा एचएक्सडी सारखा फुकट हेक्स एडिटर (फाइलीच्या आतला कच्चा डेटा जसाच्या तसा दाखवणारा प्रोग्राम) बरा. मॅक किंवा लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये "फाइल" नावाची कमांड आहे, तिच्यापुढे तुमच्या फाइलचं नाव दिलं की ती हेच काम स्वतः करून एका ओळीत सांगते. विंडोजवर तसंच काम करणारं ट्रिड नावाचं छोटं टूल आहे.

६. साइटवरून स्टेटमेंट डाउनलोड केलं, नाव बरोबर पीडीएफच आहे, पण "फाइल डॅमेज्ड आहे" म्हणतं. परत परत केलं तरी तेच.

हे इतक्या लोकांचं होतं की वेगळं लिहितोय. साइज बघा, बहुधा दहा-वीस केबी असेल. आता तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्या ओळीत टक्का-पीडीएफ ऐवजी कोनाच्या कंसात "डॉकटाइप एचटीएमएल" दिसेल आणि जरा खाली गेलात की त्या सगळ्या कोडच्या गर्दीत एक साधं वाक्य सापडेल, सेशन संपलंय, पुन्हा लॉगिन करा. झालं असं की तुमचं लॉगिन संपलं होतं, साइटने स्टेटमेंटच्या जागी लॉगिनचं पान पाठवलं आणि ब्राउझरने तेच पान पीडीएफ नावाने ठेवून दिलं. रीडर बदलून, रिपेअर टूल लावून काहीही होणार नाही कारण आत पीडीएफ नाहीच. पुन्हा लॉगिन करा आणि लगेच डाउनलोड करा.

याचा चुलतभाऊ म्हणजे एक्सएलएस नावाची अशी फाइल जी उघडताना एक्सेल म्हणतं की फॉरमॅट आणि एक्स्टेन्शन जुळत नाही. बऱ्याच जुन्या सिस्टिम एचटीएमएलचा तक्ताच एक्सएलएस नाव देऊन पाठवतात. फाइल ओळखीच्या ठिकाणची असेल तर हो म्हणा, उघडते, मग एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह करून टाका.

७. सीआरडाउनलोड किंवा पार्ट असं एक्स्टेन्शन आहे, हे कशात उघडतं?

कशातच नाही. ते अर्धवट डाउनलोड आहे, पहिलं क्रोमचं, दुसरं फायरफॉक्सचं. डाउनलोड पूर्ण झालं की आपोआप खरं नाव येतं. राहिलेलंच असेल तर डिलीट करून परत करा.

८. एक्स्टेन्शन बदललं की फाइलचा प्रकार बदलतो ना? मी पीएनजी चं जेपीजी केलं आणि ते चाललं पण!

चाललं कारण फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रामने नावाकडे दुर्लक्ष करून आतली सुरुवात वाचली (प्रश्न ५ मध्ये सांगितली तीच). दारावरची पाटी बदलली म्हणून आत राहणारा माणूस बदलत नाही. खरोखर प्रकार बदलायचा तर फाइल तिच्या प्रोग्राममध्ये उघडून सेव्ह अ‍ॅज किंवा एक्स्पोर्ट करावं लागतं.

रिनेम करणं दोनच वेळा उपयोगी पडतं. एक, नाव मुळातच चुकलेलं किंवा गळालेलं असेल तेव्हा. दुसरं फार मजेशीर आहे आणि कामाचंही. २००७ च्या ऑफिसपासून वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटच्या ज्या फाइलींच्या शेवटी एक्स आहे त्या सगळ्या आतून झिप आहेत. समजा तुमच्याकडे वर्डची फाइल आहे आणि तिच्यातले फोटो मूळ साइजमध्ये हवेत. फाइलची कॉपी करा, डीओसीएक्स खोडून झिप लिहा, विंडोज घाबरवेल की फाइल चालणार नाही, हो म्हणा आणि आता डबल क्लिक करा. आत वर्ड नावाचा फोल्डर दिसेल, त्याच्यात मीडिया, आणि मीडियात इमेज१, इमेज२ अशी सगळी चित्रं ओळीने बसलेली. वर्डची फाइल उघडत नसेल तेव्हा सुद्धा यातून निदान चित्रं तरी वाचतात. ईपब, ओडीटी, अँड्रॉइडचं एपीके हे पण आतून झिपच आहे.

९. मेलला विनमेल डॉट डॅट नावाची अटॅचमेंट येते, मी तर पीडीएफ मागितली होती.

पाठवणारा आउटलुक वापरतोय आणि त्याचा मेल रिच टेक्स्ट फॉरमॅटमध्ये गेलाय, म्हणून आउटलुकने मेलची सजावट आणि अटॅचमेंट सगळं टीएनईएफ नावाच्या स्वतःच्या गाठोड्यात बांधून पाठवलं. तुमची पीडीएफ आतच आहे. त्याला सांगा मेलचा फॉरमॅट एचटीएमएल किंवा प्लेन टेक्स्ट करून परत पाठव. ते शक्य नसेल तर विनमेल उघडणारी छोटी टूल मिळतात.

बाकी नुसतं डॅट म्हणजे "डेटा" इतकाच अर्थ, कुठलाही प्रोग्राम काहीही ठेवतो. डॅट, बिन, टीएमपी यांना एक्स्टेन्शनवरून ओळखायच्या भानगडीत पडू नका, फाइल कुठल्या फोल्डरमध्ये होती ते बघा. एखाद्या प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये असेल तर ती तुमच्यासाठी नाहीच, राहू द्या तिथे.

१०. आयफोनवरून घेतलेले फोटो एचईआयसी आहेत, कॉम्प्युटरवर दिसत नाहीत.

आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून, आयफोन फोटो याच प्रकारात ठेवतो, जागा कमी लागते म्हणून. विंडोजवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स टाका, फुकट आहे, पण काही कॉम्प्युटरवर त्याच्याबरोबर एचईव्हीसी चं वेगळं एक्स्टेन्शनही लागतं आणि त्याला थोडे पैसे पडतात. त्यापेक्षा फोनमध्येच सेटिंग, कॅमेरा, फॉरमॅट्स मध्ये जाऊन मोस्ट कम्पॅटिबल करा, पुढचे फोटो जेपीजी येतील. आधीचे तसेच राहतात हे लक्षात ठेवा, ते बदलून घ्यावे लागतील.

११. एका साइटवर लिहिलंय की टीएस म्हणजे व्हिडिओ, दुसरीकडे लिहिलंय प्रोग्रामिंगची फाइल. खरं कोणाचं?

दोघांचं. एक्स्टेन्शन वाटून देणारी कुठलीही कचेरी नाही, ज्याला जे आवडलं ते त्याने घेतलं. टीएस म्हणजे टीव्हीच्या प्रक्षेपणाचा व्हिडिओ आणि टाइपस्क्रिप्टचा कोड, दोन्ही. की म्हणजे अ‍ॅपलच्या कीनोटचं प्रेझेंटेशन आणि सर्व्हरची गुप्त किल्ली पण (दुसरी असेल तर कोणाला फॉरवर्ड करू नका). कुठून आली आणि किती मोठी आहे, यावरून लगेच कळतं. शेकडो एमबीचा कोड कोणी एका फाइलीत लिहीत नाही.

१२. रार, सेव्हन झेड, आणि ००१, ००२ अशा तुकड्यांमधल्या फाइली कशा उघडायच्या?

सेव्हन-झिप टाका, फुकट आहे, सगळं उघडतं. विंडोज ११ च्या अलीकडच्या अपडेटनंतर रार आणि सेव्हन झेड तसेही उघडतात. तुकड्यांचं मात्र नीट ऐका: सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये हवेत, नावं बदललेली नकोत आणि फक्त पहिला तुकडा उघडायचा, बाकीचे तो स्वतः शोधतो. "अनएक्स्पेक्टेड एंड" आलं तर शेवटचा एखादा तुकडा आलेला नाही किंवा अर्धा आलाय.

१३. व्हिडिओ उघडतो, चित्र दिसतं, पण आवाज येत नाही. फाइलचा प्रकार तर एमपी४ च आहे.

एमपी४, एमकेव्ही हे नुसते डबे आहेत, आत चित्र एका पद्धतीने दाबून भरलेलं असतं आणि आवाज दुसऱ्या. तुमच्या प्लेअरला चित्राची पद्धत येते, आवाजाची येत नाही. व्हीएलसी मध्ये लावून बघा, बहुतेक सगळ्या पद्धती त्याच्याबरोबरच येतात. तिथेही आवाज नसेल तर फाइलीतच नाही.

१४. जुन्या सीडीत पीएमडी, सीडीआर, पीयूबी अशा फाइली सापडल्या. ही सॉफ्टवेअर आता कुठून आणू?

पीएमडी म्हणजे पेजमेकर, त्याची शेवटची मोठी आवृत्ती ७ ही २००१ ची. इनडिझाइनच्या जुन्या आवृत्त्या सीएस६ पर्यंत ती उघडायच्या, नंतर ते काढून टाकलं. सीडीआर म्हणजे कोरलड्रॉ आणि पीयूबी म्हणजे मायक्रोसॉफ्ट पब्लिशर. आधी लिबरऑफिस टाकून बघा, त्याचं ड्रॉ हे तिन्ही उघडायचा प्रयत्न करतं. मांडणी थोडी हलते, फॉन्ट बदलतात, पण मजकूर आणि चित्रं हाताशी येतात आणि बहुतेकांना तेवढंच हवं असतं. पब्लिशरवाल्यांनी मात्र घाई करा, मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय की ऑक्टोबर २०२६ नंतर पब्लिशर बंद, तेव्हा ज्याच्याकडे अजून चालू आहे त्याने सगळ्या फाइलींची आत्ताच पीडीएफ करून ठेवावी.

पीएसडी म्हणजे फोटोशॉप, ती गिंपमध्ये किंवा ब्राउझरमधल्या फोटोपीमध्ये उघडते. डीडब्ल्यूजी म्हणजे ऑटोकॅड, नुसती बघायची असेल तर ऑटोडेस्कचा स्वतःचा फुकट ट्रूव्ह्यू आहे.

मजकुरात मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसला तर तो जुन्या, युनिकोड (सगळ्या भाषांची अक्षरं सगळ्या कॉम्प्युटरवर एकसारखी ठेवायची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तोच फॉन्ट टाकला की दिसायला लागतं, पण शोधता-बदलता यायला कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर देवनागरीचा असाच कचरा होत असेल तर कारण वेगळं आहे. डबल क्लिक करू नका, एक्सेलमध्ये डेटा, मग फ्रॉम टेक्स्ट, आणि एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडा.

१५. अनोळखी फाइल उघडल्याने व्हायरस येईल का? कसं ओळखू?

न मागता आलेली फाइल असेल तर आधी हेच बघा. एक्सई, एससीआर, बॅट, जेएस, व्हीबीएस, एचटीए, एलएनके, एमएसआय हे सगळे "चालणारे" प्रकार, बिल किंवा फोटो म्हणून यातलं काही आलं तर तो शंभर टक्के घोळ. सगळ्यात जुना डाव दोन एक्स्टेन्शनचा: नाव "फोटो डॉट जेपीजी डॉट एक्सई" आणि विंडोज शेवटचं लपवतं, म्हणजे तुम्हाला दिसतो जेपीजी. त्याहून चलाख म्हणजे नावात एक न दिसणारं युनिकोड चिन्ह घालतात, त्याच्या पुढची अक्षरं उलटी दिसतात आणि एक्स्टेन्शन चालू करूनही नाव जेपीजीवर संपल्यासारखं वाटतं. म्हणून फोल्डर डिटेल्स मध्ये ठेवून टाइपचा रकाना बघा, तिथे अ‍ॅप्लिकेशन लिहिलं असेल तर नावावर जाऊ नका.

व्हायरसटोटल वर टाकून तपासता येतं, पण तिथे टाकलेली फाइल त्यांच्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांनाही मिळू शकते, त्यामुळे स्वतःची खाजगी कागदपत्रं टाकू नका. झिपला पासवर्ड लावून पासवर्ड त्याच मेलमध्ये दिलेला असेल तर जास्तच संशय घ्या, मेलच्या स्कॅनरला आतलं दिसू नये म्हणून तसं करतात.

१६. ऑनलाइन कन्व्हर्टरवर टाकून बदलून घेतलं तर?

लग्नपत्रिका किंवा वॉलपेपर असेल तर खुशाल. ओळखपत्र, पगार, करार, रिपोर्ट असं काही असेल तर नाही, तुमची फाइल दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते आणि नंतर तिचं काय होतं ते तुम्हाला दिसत नाही. लिबरऑफिस घरच्या कॉम्प्युटरवर तेच काम करतं.

१७. चुकून "नेहमी याच प्रोग्रामने उघड" केलं, आता सगळ्या फाइली नोटपॅडमध्येच उघडतात.

राइट क्लिक, ओपन विथ, चूज अनदर अ‍ॅप, बरोबर प्रोग्राम निवडून ऑलवेज दाबा. फाइलींना काहीही झालेलं नाही, फक्त यादीतली एक ओळ चुकली होती (प्रश्न १).

१८. एक दिवस उठून बघतो तर सगळ्या फोटो-डॉक्युमेंटच्या मागे एकच विचित्र एक्स्टेन्शन लागलंय. रिनेम केलं तरी उघडत नाहीत.

प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी एखादी टेक्स्ट फाइल पण आहे का? असेल तर हे रॅन्समवेअर आहे, फाइली एन्क्रिप्ट झाल्यात आणि रिनेमने किंवा कुठल्याही ओपनरने त्या उघडणार नाहीत. आधी नेट आणि बाहेरच्या सगळ्या डिस्क काढा. फाइली डिलीट करू नका, ती पैसे मागणारी चिठ्ठी पण ठेवा. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नो मोअर रॅन्सम या साइटवर जा, युरोपोल, डच पोलीस आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेली आहे. एक-दोन बिघडलेल्या फाइली आणि चिठ्ठी तिथे दिली की कुठलं रॅन्समवेअर ते सांगतात आणि तोड निघालेली असेल तर सोडवायचं टूल फुकट देतात. आज टूल नसेल तरी फाइली सांभाळून ठेवा, काहींची तोड नंतर निघालेली आहे.

१९. जुन्या फोनमधल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमध्ये क्रिप्ट१४, क्रिप्ट१५ अशा फाइली आहेत. कॉम्प्युटरवर उघडून चॅट वाचता येतील का?

तशा नाहीत. तो चॅटचा बॅकअप आहे पण कुलूप लावलेला, आणि किल्ली त्या फाइलीत नसते. ज्या नंबरचा बॅकअप आहे तो नंबर चालू असेल तर फाइल नवीन अँड्रॉइड फोनमध्ये त्याच फोल्डरमध्ये ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप टाका, नंबर व्हेरिफाय करा आणि रिस्टोअर विचारेल तेव्हा हो म्हणा. नंबर बंद झाला असेल आणि किल्लीही नसेल तर "क्रिप्ट व्ह्यूअर" म्हणून जे काही विकतात त्याला पैसे देऊ नका.

२०. पेनड्राइव्हवर टिंब-अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या, डीएस स्टोअर, थंब्स डॉट डीबी अशा फाइली दिसतात. उघडत नाहीत, डिलीट करू का?

पहिल्या दोन मॅकने ठेवलेल्या नोंदी आणि तिसरी विंडोजची थंबनेलची साठवण. तुमचं काही त्यात नाही, पेनड्राइव्हवरच्या खुशाल उडवा, पेनड्राइव्ह पुन्हा मॅकला लावला की मॅकवाल्या परत येतील.